उत्तरं आठ, धागा एक

आधी प्रश्न. मोबाईल उलटा ठेवा आणि वाचा. उत्तरं खाली येणारच आहेत, पण सरळ खाली उडी मारलीत तर मजा गेली.

१) १९३२ साली २१ फेब्रुवारी ते १९ जून असे ओळीने अठरा रविवार धुळ्यात एकाच ठिकाणी प्रवचनं झाली. ठिकाण कोणतं, बोलणारे कोण?

२) रशियातल्या एका कादंबरीकाराने १८६६च्या ऑक्टोबरमध्ये २६ दिवसांत अख्खी कादंबरी पूर्ण केली. कादंबरी जुगारावर होती, आणि ती वेळेत पूर्ण करणं हाही एक जुगारच होता. कादंबरीकार कोण?

३) व्हेनिसचा एक व्यापारी. त्याच्या प्रवासवर्णनात आपल्या ठाण्याचंही वर्णन येतं. पुस्तक मात्र तयार झालं जिनोआच्या कैदेत. व्यापारी कोण?

४) शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. गाव नेवासे. खांबाला टेकून सांगितलेला ग्रंथ कोणता?

५) जर्मनीतल्या कासेल शहरात भाजीपाला विकायला येणारी एक शिंप्याची बायको. जगभर गाजलेल्या एका गोष्टींच्या पुस्तकाच्या १८१९च्या आवृत्तीत तिचं चित्र छापलंय. पुस्तक कोणाचं?

६) अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरशी नातं असलेला मराठीतला पहिला गद्य चरित्रग्रंथ?

७) ८,८०० कूटश्लोक, म्हणजे मुद्दाम घातलेले अवघड श्लोक, कोणत्या ग्रंथात आहेत असं सांगतात? आणि ते कोणाला अडवण्यासाठी?

८) धुळे, जळगाव, नंदुरबार या जिल्ह्यांतल्या कॉलेजांतून पदवी घेतली की सर्टिफिकेटवर कोणाचं नाव असतं?

आणि खरा प्रश्न हा की, या आठही उत्तरांना जोडणारा धागा कोणता?

हे प्रश्न मी पिंपळनेरच्या एका अभ्यासिकेत विचारले होते. दुकानाच्या वरचा मजला, लोखंडी जिना, प्लायवूडचे कप्पे केलेली टेबलं, खाली रस्त्यावर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग. एका ओळखीच्या प्राध्यापकांनी ‘पोरांची जरा क्विझ घ्या’ म्हणून बोलावलं होतं. बसलेली सगळी पोरंपोरी पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी अशा कुठल्या ना कुठल्या रांगेत उभी. जीकेच्या बाबतीत त्यांचा हात धरणं अवघड. लाटीपाडा धरण कोणत्या नदीवर, हे विचारायच्या आत ‘पांझरा’ असं उत्तर येतं. कलमं, घटनादुरुस्त्या, नद्यांची खोरी, सगळं तोंडपाठ.

म्हणूनच मी थीम राउंड घेतला. ज्यांनी कधी खेळला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. यात प्रत्येक प्रश्नाचे गुण असतातच, पण सगळ्या उत्तरांच्या मागे एक गोष्ट लपवलेली असते. ती जितकी लवकर ओळखाल तितके गुण जास्त. चुकलात तर वजा. माहिती पाठ असून इथे भागत नाही, माहिती एकमेकींशी बोलायला लागावी लागते. मी एवढंच सांगितलं होतं की धागा साहित्यातला आहे.

पहिल्या प्रश्नाला तीन हात वर. धुळ्याचा तुरुंग, विनोबा भावे, ‘गीता प्रवचने’. अगदी बरोबर. तिसऱ्यालाही लगेच ‘मार्को पोलो’. आणि तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एकाने टेबलावर थाप मारली, “सर, थीम! तुरुंग!”

त्याचा युक्तिवाद बिनतोड होता, हे मान्य करायला हवं. टिळकांचं ‘गीतारहस्य’ मंडालेला, नेहरूंचं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ अहमदनगरच्या किल्ल्यात, साने गुरुजींची ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात, अशी यादीच त्याने धडाधड म्हणून दाखवली. एवढं सगळं बरोबर सांगून गुण मात्र वजा. चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘ज्ञानेश्वरी’ आलं तेव्हा शेजारच्याने त्याला कोपर मारलं, “ज्ञानोबा माउली कोणत्या जेलात होते रे?”

मग दुसऱ्या गटाला वाटलं, आता आपली बारी. पहिलं उत्तर गीतेवरची प्रवचनं, चौथं गीतेवरची टीका, सातवं महाभारत, म्हणजे जिच्यात गीता आहे तोच ग्रंथ. “थीम गीता!” तेही चूक. दुसरा आणि पाचवा प्रश्न तिथे बसत नाहीत. पण या गटाने नकळत मोठ्या गोष्टीला हात लावला होता, तिच्याकडे पुन्हा येऊ.

अडला तो दुसरा प्रश्न. ‘टॉलस्टॉय?’ असा एक हळू आवाज आला, तेवढाच. उत्तर फ्योदोर दोस्तोयेव्हस्की. ती हकीकत मी जरा रंगवूनच सांगितली, कारण ती आहेच तशी.

दोस्तोयेव्हस्की कर्जात बुडालेला होता. स्टेलोव्स्की नावाच्या प्रकाशकाने पैसे दिले, पण करारात पाचर मारून ठेवली. १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी हातात पडली नाही, तर पुढची नऊ वर्षं दोस्तोयेव्हस्की जे काही लिहील ते प्रकाशक फुकटात छापणार. सावकाराच्या कागदावर अंगठा दिल्यासारखंच. ऑक्टोबर उजाडला तरी या गड्याचं एक पान लिहून झालेलं नव्हतं, कारण तेव्हा तो ‘क्राइम अँड पनिशमेंट’मध्ये गुंतला होता. शेवटी मित्रांच्या सल्ल्यावरून त्याने लघुलेखन शिकलेली एक मुलगी कामाला ठेवली. अ‍ॅना स्निटकिना, वय वीस. म्हणजे तुमच्याएवढीच. दिवसा तो सांगायचा, ती झरझर लघुलिपीत टिपायची. रात्री घरी जाऊन ती ते सगळं साफ अक्षरात उतरवून काढायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे ठेवायची. २६ दिवसांत ‘द गॅम्बलर’ पूर्ण. शेवटच्या दिवशी प्रकाशक मुद्दाम गावाबाहेर निघून गेला, म्हणजे हस्तलिखित घ्यायलाच कोणी नको. तेव्हा दोस्तोयेव्हस्कीने ते पोलीस ठाण्यात जमा केलं आणि तारीख-वेळेसकट पोच घेतली. पोलीस भरतीवाल्यांनी इथे टाळ्या वाजवल्या. पुढच्या फेब्रुवारीत दोघांचं लग्न झालं, हे सांगितल्यावर इतरांनी.

टाळ्या थांबल्या आणि मागच्या टेबलावरून आवाज आला, “सर, बठ्ठासमा सांगनारा येक आनि लिखनारा दुसराच शे.”

मी तिच्याकडे बघितलं, तर ती गडबडली. लगेच सावरून म्हणाली, “म्हणजे सर, या सर्व ग्रंथांमध्ये कथन करणारी व्यक्ती आणि लेखन करणारी व्यक्ती वेगवेगळी आहे.”

पूर्ण गुण. उत्तर पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच ते बरोबर होतं. स्वतःच्याच बरोबर उत्तराचं तिने घाईघाईने ‘शुद्ध’ मराठीत भाषांतर केलं, ते मला त्या दिवशी फार लागून राहिलं.

तर आता आठही उत्तरं उलटी करून बघा.

धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी बरोबरच्या कैद्यांसाठी दर रविवारी गीतेचा एक अध्याय घेतला. अठरा अध्याय, अठरा रविवार. त्यांनी ते पुस्तक म्हणून लिहिलेलं नाही. ते बोलत होते, आणि समोर बसून ते जसंच्या तसं टिपून घेत होते साने गुरुजी. अमळनेरच्या शाळेतले मास्तर, मूळचे कोकणातल्या पालगडचे, पण खानदेशाने आपले मानलेले. ते तिथे नसते तर रविवार आले असते आणि गेले असते. पुढे हे पुस्तक देशातल्या कितीतरी भाषांत गेलं. आपल्या लाटीपाड्यातून निघालेलं पांझरेचं पाणी साक्रीकडून धुळ्याला जातं, तिथली ही गोष्ट. दूरची अजिबात नाही.

आता ‘थीम गीता’वाल्या गटाला थोडा न्याय देऊ. गीता कोण सांगतं? कृष्ण अर्जुनाला सांगतो. पण आपल्यापर्यंत येते ती संजय धृतराष्ट्राला सांगतो म्हणून. संजयाने सांगितलेलं व्यास सांगतात. आणि व्यास सांगतात ते लिहितो गणपती. ज्ञानेश्वरांनी तीच गीता नेवाशात मराठीत सांगितली, ती लिहून घेतली सच्चिदानंदबाबांनी. सहाशे बेचाळीस वर्षांनी विनोबांनी ती धुळ्यात सांगितली, ती लिहिली साने गुरुजींनी. सांगणारा आणि लिहिणारा अशा जोड्यांची ही साखळीच आहे. एका गटाने ती पकडली होती, फक्त तिचं नाव चुकीचं घेतलं.

गणपतीची अट तुम्हाला ठाऊक असेल. माझी लेखणी मध्ये थांबता कामा नये. त्यावर व्यासांची उलट अट अशी की अर्थ समजल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. मग व्यास मधूनच एखादा कूटश्लोक टाकायचे. गणपती विचार करत थांबला की यांना पुढचं रचायला उसंत. सातव्या प्रश्नाचं उत्तर ते. आता यातली खरी जीके ऐका. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती करायला घेतली, देशभरातली हस्तलिखितं जुळवून पाहिली आणि १९६६ साली काम पूर्ण केलं. त्या मूळ संहितेत गणपतीची ही गोष्ट नाही. ती नंतर आत आलेली ठरवून परिशिष्टात टाकलीय. म्हणजे लोकांना नंतर कधीतरी वाटलं की, एवढं सगळं सांगितलं कोणी ते कळलं, पण लिहिलं कोणी? आणि त्यांनी साक्षात देवालाच लेखनिक करून बसवलं. मला ही भर फार आवडते.

मार्को पोलोचं थोडक्यात. १२९८च्या सुमारास तो जिनोआच्या कैदेत होता आणि त्याच कैदेत पिसा गावचा रुस्तिकेल्लो नावाचा एक कथालेखक. एकाकडे पंचवीस वर्षांच्या प्रवासाचा साठा, दुसऱ्याकडे लेखणी. रुस्तिकेल्लोचं नाव तुम्ही ऐकलं नसेल तर काळजी करू नका, बहुतेकांनी ऐकलेलं नसतं. मिल्टन मी प्रश्नांत घेतला नव्हता, पण तोही याच पंगतीतला. दृष्टी गेल्यावर त्याने ‘पॅराडाइज लॉस्ट’ इतरांकडून लिहून घेतलं. सकाळी लिहून घेणारा उशिरा आला, की हा कुरकुरायचा, मला दोहायला कोणी आलं नाही म्हणून. त्याच्या एका जुन्या चरित्रकाराने हे नोंदवलंय. ज्यांच्या घरी म्हैस आहे त्यांना ही तडफड समजेल.

एका पोराने इथे भर घातली ती सांगायलाच हवी. तो धुळ्याला शिकलेला. म्हणाला, सर, ‘दासबोध’पण घ्या ना यात. समर्थ सांगत आणि कल्याण स्वामी लिहीत, अशीच परंपरा सांगतात. आणि धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिर आहे, तिथे समर्थ संप्रदायाची जुनी हस्तलिखितं जपून ठेवलीत. अर्धे गुण जास्तीचे दिले. नियमात बसत नव्हतं, पण दिले.

पाचवा प्रश्न ग्रिमबंधूंचा. सिंड्रेला, हिमगौरी, हान्सेल आणि ग्रेटेल या गोष्टी आपण ‘ग्रिमच्या’ म्हणतो. ग्रिम हे अभ्यासक होते, गोळा करणारे होते. सांगणारे वेगळे. त्यातली एक डोरोथेया फीमान. कासेलजवळच्या खेड्यात राहायची, शहरात भाजी विकायला यायची आणि गोष्टी सांगायची. ग्रिमबंधूंनी प्रस्तावनेत लिहून ठेवलंय की ती आधी गोष्ट सरळ ओघात सांगे, आणि विनंती केली तर पुन्हा सावकाश सांगे, म्हणजे ऐकता ऐकता लिहून घेता यावं. दुसऱ्यांदा सांगतानाही तिचा शब्द बदलत नसे. तिचं चित्र १८१९च्या आवृत्तीत आहे, काढलेलं ग्रिमांच्याच धाकट्या भावाने.

पण लिहिणाऱ्याच्या हातात किती ताकद असते, तेही इथेच दिसतं. पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठते ती तिची सख्खी आई. १८१९मध्ये ती सावत्र झाली. हान्सेल-ग्रेटेलला रानात सोडायला लावणारी आईसुद्धा पुढच्या आवृत्त्यांमध्ये सावत्र झाली. घराघरांत मुलांना वाचून दाखवायचं पुस्तक, त्यात सख्खी आई अशी कशी, असं वाटलं असणार. जगातल्या सगळ्या सावत्र आयांवर तेव्हापासून जो आळ आला, त्यात लेखणीचाही वाटा आहे.

याच्या अगदी उलट माणूस म्हणजे म्हाइंभट. सहाव्या प्रश्नाचं उत्तर ‘लीळाचरित्र’, इसवी सन १२७८च्या सुमाराचं. महानुभाव पंथाच्या चक्रधर स्वामींनी स्वतः काही लिहिलेलं नाही. ते गेल्यावर म्हाइंभट निघाला. ज्याने ज्याने स्वामींना पाहिलं, ऐकलं, त्याच्या दारी जायचं, विचारायचं, लिहून घ्यायचं. शेतात काम करत असलेल्या माणसाला तिथेच गाठायचं. एकच प्रसंग दोघांनी वेगळा सांगितला तर दोन्ही ठेवायचे. मला पटलेलं खरं, तुझं खोटं, असं नाही. साडेसातशे वर्षांपूर्वीच्या माणसाची ही शिस्त. पुढे मूळ पोथी हरवली, तेव्हा ज्यांना ती पाठ होती त्यांच्याकडून ती पुन्हा उभी करावी लागली. त्यातला एक पाठ हिराइसा नावाच्या बाईच्या नावाने ओळखला जातो. तोंडून कागदावर, कागदावरून तोंडात, आणि पुन्हा कागदावर. महानुभावांनी पुढे आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत बंद करून ठेवले. तिचं कोडं सोडवणाऱ्यांत इतिहासाचार्य वि. का. राजवाडे होते, ज्यांचं संशोधन मंडळ धुळ्यात आहे. फिरून फिरून पुन्हा पांझरेच्या काठीच येतो आपण.

राहिला आठवा. हा प्रश्न सोपा म्हणून सगळ्यांनी एकसुरात उत्तर दिलं, ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव’. नाव २०१८ साली दिलं, हेही सांगितलं. मी विचारलं, “त्यांनी शेतात, जात्यावर रचलेली गाणी वहीत कोणी लिहिली?” शांतता.

जळगावजवळच्या असोद्याला १८८० साली जन्मलेली ही बाई निरक्षर होती. ऐन तिशीच्या आसपास नवरा गेला. दळताना, कांडताना, खळ्यावर, वाटेने चालताना ती ओव्या जोडत जायची. जवळच्या माणसांनी, मुलगा सोपानदेव यांनी आणि नातलगांनी, जमेल तेवढं टिपून घेतलं. बाकीचं ज्या कामाबरोबर आलं त्याच कामाबरोबर गेलं. ३ डिसेंबर १९५१ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ पुस्तक म्हणून आली. बहिणाबाईंनी ते पुस्तक पाहिलेलं नाही. पाहिलं असतं तरी वाचता आलं नसतं. सोपानदेव स्वतः कवी. त्यांनी त्या ओळी सुधारल्या असत्या, ग्रांथिक केल्या असत्या, तर आपल्याला आज एक साधारण कवयित्री मिळाली असती. (ती भाषा अहिराणी, असं अभ्यासिकेतल्या निम्म्या लोकांनी ठोकून दिलं. नाही हो. ती लेवा गणबोली. परीक्षेत चुकाल म्हणून सांगतो.)

ज्या बाईला अक्षर येत नव्हतं, तिचं नाव तुमच्या पदवीवर छापलेलं असतं. हे म्हटल्यावर एका मुलीने बॅगेतून आपली मार्कशीट काढून खरंच पुन्हा बघितली.

इथवर क्विझ संपायला हवी होती. पण तुरुंगवाल्या पोराने, आता गुण गेलेलेच होते म्हणून बहुतेक, सरळ विचारलं, “सर, एवढं चांगलंय सगळं, पण पेपरात याचा एक मार्क येईल का?”

प्रश्न रास्त आहे. त्याच्या घरी दोन एकर कोरडवाहू, आणि तिसरा अटेम्प्ट. मी म्हटलं, क्वचित येईल. लीळाचरित्राचा कर्ता कोण, याला चार पर्याय येतील आणि तू म्हाइंभटावर टिक करशील. त्यापलीकडे याचा मार्क नाही. उगाच खोटं कशाला सांगायचं?

तेवढ्यात उत्तर ओळखणारी ती मुलगी म्हणाली, “सर, हाई तं आमनी आजीमायनी गोट शे.” या वेळी तिने भाषांतर केलं नाही. तिची आजी कानबाईची गाणी म्हणते. श्रावणात कानबाई बसते त्या रात्री, रोटांचा नैवेद्य झाल्यावर बायका जमतात, तेव्हा आजी सुरुवात करते आणि बाकीच्या मागून ओढतात. आखाजीला झोक्यावरची वेगळी गाणी. आजीचं वय झालंय, मधल्या ओळी सुटतात आता. मागे बसणाऱ्या सुनांना पहिल्या दोन ओळी येतात, पुढे मोबाईलवरचं गाणं लागतं.

मग एकेक जण बोलायला लागला. पश्चिमेकडच्या डोंगरातल्या पाड्यावरचा एक मुलगा होता, दिवसभरात पहिल्यांदाच बोलला. त्याच्या घरी कोकणी बोलतात. ही समुद्राकाठची नव्हे, डांगच्या शिवेवरच्या आदिवासींची. त्याच्या गावात थाळीवर कथा लावतात. काशाच्या थाळीत मेणाने एक काडी उभी चिकटवायची आणि तिच्यावरून बोटं ओढत राहायची. थाळी घुमायला लागते आणि त्या सुरावर सांगणारा रात्रभर कणसरीची, म्हणजे धान्यदेवीची कथा सांगतो. मी विचारलं, कोणी लिहून ठेवलीय का? तो म्हणाला, “ती लिहायची नसते सर, बसून ऐकायची असते. आणि कधीही सांगत पण नाहीत, तिचा वेळ असतो.”

हे ऐकून मी जरा गप्प झालो. लिहिणं म्हणजे वाचवणं, एवढंच डोक्यात घेऊन मी आलो होतो. सांगणाऱ्याची परवानगी ही गोष्टच त्यात नव्हती. डोरोथेयाला ग्रिमबंधूंनी विचारलं होतं, आणि ती स्वतःहून सावकाश सांगायला तयार झाली होती. महानुभावांनी तर आपल्या पोथ्यांना कुलूपच लावलं होतं. त्या पोराला मी एवढंच म्हटलं की आधी आजोबांना विचार. नाही म्हणाले तर तू बसून ऐक.

बोलीचा विषय निघालाच आहे तर एक आकडा सांगतो. जनगणनेत ‘खानदेशी’ या नावाखाली अहिराणीसकट मातृभाषा लिहिणारे २००१ साली सुमारे २० लाख ७५ हजार होते. २०११ साली ते सुमारे १८ लाख ६० हजार झाले. माणसं वाढली, नोंद घटली. जनगणनेचा माणूस दारात आला की अहिराणीत बोलूनच ‘मराठी लिही ना भाऊ’ म्हणणारेही त्यात असणारच, त्यामुळे आकड्यावरून भाषा मेली वगैरे म्हणायची मला घाई नाही. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात १९०७ सालीच खानदेशी बोली छापली गेलीय, नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ली भाषांच्या सोबतीला. गंमत अशी की तुलना करता यावी म्हणून त्याने सगळ्या भाषांना एकच गोष्ट बोलायला दिली होती, बायबलमधली उधळ्या पुत्राची. कानबाईबद्दल त्याने विचारलं नव्हतं.

मग त्या मुलीने वही काढली आणि एकदम कामाचे प्रश्न सुरू केले. फोनवर रेकॉर्ड करू का? कर, पण फोनवर विसंबू नकोस. मेमरी भरली की सगळ्यात आधी जुनंच उडतं. रेकॉर्डिंगवरून वहीत उतरव, आजीसमोर वाचून दाखव, ती चुका काढेल. पानाच्या वर सांगणारीचं नाव, गाव, माहेर, तारीख, कोणत्या प्रसंगाचं गाणं ते लिही. माहेर आठवणीने लिही, कारण गाणी सासरच्या नव्हे, माहेरच्या गावाहून आलेली असतात पुष्कळदा. शेजारच्या मावशीने तेच गाणं वेगळं म्हटलं तर दोन्ही लिही, म्हाइंभटासारखं. आजी मध्येच थांबली तर तिथे जागा कोरी सोड, स्वतःची ओळ घालू नकोस.

“आणि सर, ‘शे’ लिहू का ‘आहे’?”

“शे.”

“मग कव्हरवर नाव कोणाचं?” हे कोपऱ्यातून कोणीतरी विचारलं, चेष्टेत. पण चेष्टा तिथेच संपली. कारण आठही उत्तरांत हा प्रश्न वेगवेगळा सुटलाय. ‘गीता प्रवचने’वर विनोबांचं नाव. ‘बहिणाबाईंची गाणी’वर बहिणाबाईंचं. ‘द गॅम्बलर’वर दोस्तोयेव्हस्कीचं, अ‍ॅनाचं कुठेच नाही. पण ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटाचं म्हणून ओळखतात, आणि भाजीवालीच्या गोष्टी दोनशे वर्षं ग्रिमच्याच आहेत. खोलीचे सरळ दोन तट पडले. एक म्हणे, ज्याचे शब्द त्याचं नाव. दुसरा म्हणे, मग रात्ररात्र जागून उतरवणाऱ्याने काय फक्त हमाली केली का? तुरुंगवाला पोरगा अचानक कॉपीराइट कायदा सांगायला लागला, १९५७चा, कलमासकट. त्याला मी गेलेले गुण परत दिले.

खाली साक्रीची शेवटची गाडी लागली होती. मी जिना उतरलो तरी वरून आवाज येतच होते, आणि आता त्यातले निम्मे अहिराणीत होते.